अधिकारी होणे

मराठीत ‘अधिकारी’ हा शब्द आज प्रामुख्याने सत्ता हाती असलेल्या माणसासाठी वापरला जातो. परंतु वेदान्ताच्या परिभाषेत अधिकारी म्हणजे पात्र मनुष्य, ज्याच्या अंगी विशिष्ट गुण आल्याखेरीज ज्याच्या हाती विद्या सोपवू नये असा साधक. पहिल्या अर्थाने पोलीस अधिकारी कसे व्हावे, याची माहिती कोणत्याही भरती-मार्गदर्शकात सापडते. दुसऱ्या अर्थाने पोलीस अधिकारी कसे व्हावे, म्हणजे दुसऱ्याच्या देहावर बळ चालवण्याची पात्रता माणसाच्या ठायी कशी येते, हा मात्र धर्मविचाराचा प्रश्न आहे.

पहिली वाट थोडक्यात सांगता येते. महाराष्ट्रात पोलीस शिपाई होण्यासाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते, उंची पुरुषांना १६५ आणि स्त्रियांना १५५ सेंटिमीटर लागते. धावणे आणि गोळाफेक यांची ५० गुणांची मैदानी चाचणी होते, जीत पुरुष १६०० तर स्त्रिया ८०० मीटर धावतात, आणि त्यानंतर अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता व मराठी व्याकरण यांवर नव्वद मिनिटांची १०० गुणांची लेखी परीक्षा असते. थेट उपनिरीक्षक होऊ पाहणाऱ्या पदवीधराला लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते, तर भारतीय पोलीस सेवेचा मार्ग केंद्रीय आयोगातून जातो. पहाटेच्या अंधारात गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर वर्षानुवर्षे धावणाऱ्या मुलामुलींचे कष्ट खरे आहेत आणि त्यांचा मान राखलाच पाहिजे. तरीही या सर्व चाचण्या पायांतले बळ आणि स्मरणशक्ती मोजतात, आणि हाती आलेले बळ आवरून धरण्याची शक्ती त्यांच्या मापात येत नाही.

ती शक्ती कोणती, याची खूण महाराष्ट्र पोलिसांच्या ब्रीदवाक्यातच आहे. ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ या दोन पदांचा अर्थ सज्जनांच्या रक्षणासाठी आणि दुर्जनांच्या निग्रहासाठी असा होतो, आणि गीतेच्या चौथ्या अध्यायात सांगितलेले अवतारकार्य ऐकत आलेल्या मराठी माणसाला त्यात ओळखीचा सूर ऐकू येतो. मात्र दोहोंत एक फरक आहे आणि तो लहान नाही. गीतेत दुष्कृत्ये करणाऱ्यांच्या संदर्भात येणारा शब्द ‘विनाश’ हा आहे, तर ब्रीदवाक्यात ‘निग्रहण’ आहे. ही निवड करणाऱ्यांच्या मनात काहीही असो, शब्दाला स्वतःचा अर्थ असतो. ‘नि’ हा उपसर्ग आणि ‘ग्रह्’ हा धातू मिळून झालेल्या या शब्दाचा मूळ आशय धरून ठेवणे, आवरणे असा आहे. न्यायदर्शनात गौतमाने बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. निग्रहस्थान म्हणजे वादातले असे ठिकाण, जेथे प्रतिवाद्याचे म्हणणे सदोष ठरते आणि तो पकडीत येतो. तेथे पकडले जाते ते युक्तिवादाने, आणि पकडला गेलेला मनुष्य शाबूत राहतो. विनाश करणे हा ईश्वराचा अधिकार मानला, तर मनुष्याच्या वाट्याला निग्रह तेवढा येतो, अशी मर्यादाच जणू या शब्दाने आखून दिली आहे.

निग्रहाचा हा धात्वर्थ २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीवर अक्षरशः प्रत्यक्षात आला. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्याकडे लाठी होती आणि समोर एके-४७ होती. त्यांनी त्या बंदुकीची नळी हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही, आणि त्यामुळे सहकाऱ्यांना दहशतवादी कसाब जिवंत हाती लागला. या बलिदानाबद्दल त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. ज्याला धरले त्याच्यावर पुढे रीतसर खटला चालला, त्याला वकील मिळाला, अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१२ मध्ये शिक्षेची अंमलबजावणी झाली. पोलिसाचे काम धरण्यापाशी संपते आणि तेथून पुढे न्यायासनाचे काम सुरू होते, ही विभागणी याहून मोठ्या किमतीला क्वचितच कोणी पाळली असेल.

मग ‘खल’ कोण, हा अधिक अवघड प्रश्न उरतो. पोलीस ज्याला धरतो तो कायद्याच्या भाषेत आरोपी असतो आणि न्यायालयाने दोषी ठरवेपर्यंत आरोपीच राहतो. म्हणजे खलाचा निग्रह करण्यासाठी नेमलेल्या माणसाला समोरच्याला खल ठरवण्याचा अधिकार नाही. हा अधिकार परस्पर घेतला की काय होते, हे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने दाखवून दिले. पुढे मुंबई इलाख्यातही अमलात आलेल्या या व्यवस्थेने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, त्यांच्यावर रोजची हजेरी लादली आणि सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना कुंपणाआड वसवले. १९५२ मध्ये हा कायदा देशभर रद्द होऊन त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, तरी चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जाण्याची सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही. ज्ञानेश्वरांनी पसायदानात हाच ‘खळ’ शब्द वापरला आहे, आणि तेथे त्यांनी मागितले आहे ते खळांच्या व्यंकटीचे, म्हणजे त्यांच्या मनाच्या वाकडेपणाचे, गळून पडणे. वाकडेपणा गळावा म्हणून प्रार्थना करायची, तर तो ज्याला चिकटला आहे तो मनुष्य टिकून राहावा लागतो.

या विचाराला विरोध करणारा पक्ष दुबळा नाही. खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, साक्षीदार फुटतात, आणि ज्या घरातली लेक गेली त्या घराला निग्रह व विनाश यांतला भेद समजावून सांगण्याचा अधिकार कोणाही लेखकाला नाही. म्हणूनच ‘पोलिसी खाक्या’ हा शब्द लोकांच्या तोंडी निम्म्या निषेधाने आणि निम्म्या कौतुकाने येतो, आणि चकमकीत कोणी मारला गेला की पेढेही वाटले जातात. पण कौटिल्याने, ज्याला कोणी मवाळ म्हणणार नाही, अर्थशास्त्राच्या आरंभीच सांगितले आहे की तीक्ष्ण दंडाने प्रजा उद्विग्न होते, मृदू दंडाने राजाची अवज्ञा होते आणि यथार्ह म्हणजे ज्याला जेवढा योग्य तेवढाच दंड पूज्य ठरतो. दंड यथार्ह आहे की नाही हे ठरवायला अपराध आधी सिद्ध व्हावा लागतो, आणि चकमकीत नेमकी ही पायरी नाहीशी होते. पीडिताच्या घराला न्याय उशिरा मिळतो हे दुःख खरेच आहे. त्याचे उत्तर तपास नेटका करण्यात आणि न्यायालये सक्षम करण्यात शोधावे लागेल.

वेदान्त अधिकाऱ्याच्या अंगी शम आणि दम यांची अपेक्षा करतो. शम म्हणजे मनाचा निग्रह, दम म्हणजे बाह्य इंद्रियांचा निग्रह. म्हणजे ब्रीदवाक्यातला शब्द येथे आतल्या दिशेला वळतो. मनाला आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे ही अर्जुनाची तक्रार गीतेने खोटी ठरवलेली नाही. तिने अभ्यास आणि वैराग्य हा उपाय सांगितला, आणि अभ्यास म्हणजे तीच गोष्ट पुन्हापुन्हा करणे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसाठी घालून दिलेले नियम याच दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. पोलिसाच्या छातीवर नाव स्पष्ट दिसावे, अटकेची नोंद साक्षीदाराच्या सहीने व्हावी, नातेवाइकाला कळवावे, कोठडीतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, असे हे नियम वरवर कारकुनी दिसतात. पण मनाचा निग्रह अजून साधलेला नसताना हाताचा निग्रह तरी घडावा, यासाठी केलेला हा अभ्यासक्रमच आहे.

या अभ्यासाची खरी घडी पोलीस ठाण्यात मध्यरात्रीनंतर येते. नुकतीच भरती झालेली शिपाई कोठडीच्या पहाऱ्यावर असते, ज्याच्याविषयी संध्याकाळपासून संतापजनक गोष्टी कानावर पडल्या तो माणूस गजांपलीकडे भिंतीला टेकून बसलेला असतो, आणि तो पाणी मागतो. तिला कोणीही पाहत नसते. पाण्याचा तांब्या गजांतून आत द्यायचा, तो रिकामा परत घ्यायचा आणि पुन्हा पहाऱ्यावर उभे राहायचे, एवढेच त्या क्षणी तिला करायचे असते.