सर्वांचा पैसा, माफी कोणाची?

गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर मशीद रिकामी झाली, तरी एक गृहस्थ वजूखान्यापाशी थांबून राहिले. वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. काही वर्षांपूर्वी ते आपल्या गावच्या पाणीसमितीवर होते. सरकारी निधीतून ओढ्यावर सिमेंटचा बांध झाला. पाया खडकापर्यंत गेलाच नाही, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. तरीही काम समाधानकारक झाल्याच्या कागदावर त्यांनी सही केली आणि पंधरा हजार रुपये घेतले. "मौलाना, कुणाच्या घरातून तर उचलले नाहीत. सरकारचे होते. मग माफी मागायची ती कुणाची?"

अल्लाहचा हक्क आणि बंद्यांचा हक्क, असा भेद आपल्या शरीअतने केला आहे. पहिल्यात कसूर झाली तर खऱ्या तौबेचे दार उघडे आहे. दुसऱ्यात केवळ अश्रू पुरत नाहीत. ज्याचे घेतले त्याला परत करावे, अथवा त्याच्याकडून माफ करवून घ्यावे लागते. शेजाऱ्याची शेळी चोरणाऱ्याला निदान शेजाऱ्याचे दार ठाऊक असते. सार्वजनिक पैसा घेणाऱ्याने कोणते दार ठोठवावे? आपले मन मात्र हिशेब उलटा मांडते. मालक जितके अधिक, तितका एकेकाचा वाटा लहान. म्हणून गुन्हाही लहान!

परंतु 'सरकारचा पैसा' म्हणजे काय? 1972-73 च्या दुष्काळात महाराष्ट्रातील सुमारे 50 लाख माणसे सरकारी कामांवर खडी फोडीत होती, पाझर तलावांची माती वाहत होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला 1977 साली कायद्याचे रूप मिळाले. तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसविण्यात आला होता. आजही शिक्षकाच्या, कारकुनाच्या पगारपत्रकात दरमहा 200 रुपयांची ती कपात दिसते. पाणी नसलेल्या गावातील मजुरासाठी पाणी असलेल्या गावातील माणसाने दिलेला तो पैसा आहे. 'सरकार' हे केवळ त्या थैलीच्या राखणदाराचे नाव.

अशा योजनांत दोन हेतू एकत्र असतात: अडचणीच्या काळी हाताला काम मिळावे आणि मागे टिकाऊ काहीतरी उरावे. पहिला साधला की दुसऱ्याची चौकशी कोणी करीत नाही. "लोकांना मजुरी तर मिळाली ना," असे म्हटले जाते. मला हे समर्थन फार निर्दयी वाटते. ज्या बाईने उन्हात घमेले उचलले, तिने पाण्यासाठीच उचलले होते.

2014 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर 9,600 कोटींहून अधिक रुपये खर्च होऊनही भूजल पातळीत फारसा फरक पडला नाही, असा शेरा महालेखापरीक्षकांनी 2020 च्या अहवालात दिला. त्यावर वाद झाले. राजकारणाच्या त्या गल्लीत मी शिरत नाही. 2011 च्या जनगणनेप्रमाणे भागाकार केला तर ही रक्कम माणशी साडेआठशे रुपयांच्या आसपास येते. साडेआठशे रुपयांसाठी कोण भांडणार? आपली गफलत इथेच आहे.

खैबरहून परतताना प्रेषितांचा (स.) सेवक मिदअम भरकटलेला बाण लागून मरण पावला. लोक त्याला जन्नतची मुबारकबाद देऊ लागले. तेव्हा प्रेषितांनी (स.) बजावले की, वाटणीपूर्वी उचललेली एक चादर त्याच्यावर आग होऊन पेटली आहे. ते ऐकून एक मनुष्य चपलेचे एक-दोन बंद परत घेऊन आला; तेही आगीचेच असल्याचे त्याला सांगण्यात आले. किंमत किती, हा प्रश्नच तिथे उद्भवला नाही. वाटणी झाली नव्हती, म्हणजे त्या चादरीत प्रत्येकाचा हक्क होता.

पाण्याच्या कामात तर हक्कदार मोजताच येत नाहीत. खालच्या अंगाचा शेतकरी आहे, मुकी जनावरे आहेत, अजून जन्मास न आलेली मुले आहेत. त्यांच्याकडून माफी कशी घेणार?

मी त्यांना सांगितले, "चाचा, मालक सापडत नसेल तर रक्कम सवाबाची आशा न धरता गरजूंना द्यावी, असे उलेमा सांगतात. पण तुमचा मालक सापडतो. तो गाव आहे. पंधरा हजार परत केल्याने सुटका होणार नाही, कारण तुमच्या सहीने त्याहून मोठी रक्कम वाहून गेली. बांधाची दुरुस्ती होण्यासाठी जे करता येईल ते करा, आणि ग्रामसभेत उभे राहून खरे सांगा."

"अब्रू जाईल, मौलाना."

"जाईल."

बराच वेळ ते नळाखालच्या ओल्या फरशीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "भिंत दुरुस्त होईलही. पण मधल्या चार उन्हाळ्यांत जे विहिरी आटल्या म्हणून ऊसतोडीला निघून गेले, त्यांतले दोघे तिकडेच वारले. त्यांचे?"

मी त्यांना त्या दोघांच्या घरच्यांची नावे विचारली. ती त्यांना तोंडपाठ होती.