निवत चाललेले आकाश

सन २०२२ च्या गुढीपाडव्याच्या रात्री चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी, आकाशातून सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. ते चिनी अग्निबाणाचे असावे, असा निर्वाळा जाणकारांनी दिला; पोलिसांनी ते ठाण्यात नेऊन ठेवले; आणि कोणास इजा झाली नाही, या समाधानात तो विषय मिटला. मला मात्र जे पडले त्याहून जे पडत नाही त्याची धास्ती अधिक वाटते. कारण अवकाशातील मोडतोड खाली ओढून जाळून टाकणे हे वरच्या विरळ हवेचे काम आहे, आणि त्या हवेचे बळ आपणच हिरावून घेत आहोत.

जो कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत उष्णता अडवून धरतो, तोच शंभर किलोमीटरच्या वर शीतलतेचा कारक होतो, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत भासते. खाली हवा दाट असल्यामुळे रेणूने शोषलेली उष्णता टकरींवाटे शेजारच्या रेणूंत वाटली जाते. वर मात्र ऑक्सिजनच्या सुट्या अणूंच्या धडकेने कंप पावू लागलेला हा रेणू ती ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने सोडून देतो, आणि वर आच्छादन उरले नसल्यामुळे ती अवकाशात निघून जाते. निवलेली हवा आकुंचन पावते आणि उपग्रहांच्या उंचीवरील घनता घटते. रोबल आणि डिकिन्सन या शास्त्रज्ञांनी १९८९ साली हे भाकीत गणिताने मांडले. पुढे जुन्या उपग्रहांच्या कक्षांचे दप्तर तपासता, चारशे किलोमीटरच्या आसपास ही घट दर दशकास काही टक्क्यांची भरली. त्याखालच्या मध्यावरणातील तापमानाचा जगभरच्या नोंदींवरून घेतलेला जो आढावा २००३ साली प्रसिद्ध झाला, त्याचे प्रमुख लेखक पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे गुफ्रान बेग होते, हे आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नाही.

नवी मुंबईत, नवीन पनवेलला, भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे; आणि जवळच कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे जाणाऱ्या मालमोटारींचा जो धूर रस्त्यावर विरतो, त्यातील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे मिसळत त्या उंच थरांपर्यंत पोहोचतो. ही संस्था कुलाब्याच्या वेधशाळेची वारस. तेथे १८४१ साली चुंबकीय नोंदी सुरू झाल्या, तेव्हा हवेच्या दर दशलक्ष रेणूंत या वायूचे सुमारे २८५ होते. आज ४२० हून अधिक आहेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ साली अलिबागेस नवी वेधशाळा उभारली गेली आणि नोंदींत खंड पडला नाही. ज्या चुंबकीय वादळांचा मागोवा या नोंदी देतात, ती वरची हवा तापवून फुगवतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये अशाच एका वादळाने स्टारलिंकचे जवळजवळ चाळीस नवे उपग्रह खाली ओढले. वादळ मात्र काही दिवसांत ओसरते, कार्बनमुळे होणारे आकुंचन ओसरत नाही.

२७ मार्च २०१९ रोजी भारताने स्वतःचाच उपग्रह सुमारे तीनशे किलोमीटरवर फोडला, तेव्हा त्याचे बहुतेक तुकडे हवेने काही महिन्यांत खाली आणले. चीनने २००७ साली साडेआठशे किलोमीटरवर फोडलेल्या उपग्रहाचे हजारो तुकडे अद्याप फिरत आहेत. २०३० पर्यंत आपल्या मोहिमांची मोडतोड मागे राहू नये, हा इस्रोचा संकल्प स्तुत्य आहे. परंतु निकामी उपग्रह पंचवीस वर्षांत खाली यावा, ही जी आंतरराष्ट्रीय मुदत रूढ झाली, तिचा हिशेब बहुतांशी हवेच्या घर्षणावर बसवलेला आहे. तेव्हा उड्डाणाची परवानगी देतानाच, त्या उपग्रहाच्या परतीचा काळ आजच्या हवेवरून न काढता पंचवीस वर्षांनंतरच्या क्षीण हवेवरून काढून मागितला पाहिजे.