संकट आणि संशय

साने गुरुजींनी टॉलस्टॉयच्या कलाविषयक ग्रंथाचा 'कला म्हणजे काय?' या नावाने अनुवाद केला. कलेचे मोल तिने माणसामाणसांत जागविलेल्या बंधुभावावरून ठरावे, असा त्या ग्रंथाचा आग्रह आहे. १८९७-९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ ग्रंथात टॉलस्टॉयने दोन लहान कथा वगळता आपले सारे ललित लेखन वाईट कलेत जमा केले. 'अ‍ॅना कॅरेनिना'ही (१८७८) त्यातून सुटली नाही. साहित्यकृतीत उच्च आदर्श शिकवण म्हणून यावा की शोध म्हणून, हा प्रश्न या निवाड्यामुळे अटळ होतो.

त्या कादंबरीतील लेव्हिन संसारात सुखी आहे. तरीही आत्महत्येच्या भयाने तो दोर लपवून ठेवतो. आत्म्यासाठी जगावे, हे त्याला एका शेतकऱ्याच्या सहज बोलण्यातून उमगते आणि लगेच घरी परतताना तो गाडीवानावर खेकसतो. आदर्श गवसल्याने स्वभाव पालटत नाही, हे टॉलस्टॉय लपवीत नाही. 'करामाझफ बंधू'मध्ये (१८७९-८०) निरपराध मुलांच्या यातनांवरून इव्हान ईश्वरी न्यायालाच आव्हान देतो. दस्तयेव्हस्की स्वतः श्रद्धावान. पण इव्हानचा युक्तिवाद तो दुबळा करीत नाही. अल्योशाजवळ त्यावर प्रतिवाद नाही, केवळ एक चुंबन आहे.

नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेल्या 'श्यामची आई'त कर्ज आहे, अपमान आहे, मृत्यूही आहे. आदर्शावर तेथे संकटे कोसळतात. मात्र त्याच्याविषयी संशय निर्माण होत नाही. या कृतीला त्यामुळे भाबडी ठरविणे सोपे आहे. परंतु पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले. पुस्तकात ज्या आदर्शाविषयी संशय नव्हता, त्याची कसोटी येथे प्रत्यक्ष समाजात लागली.

संशयग्रस्त वाचकाला लेव्हिन आणि इव्हान सोबत करतात. 'श्यामची आई' त्याला तशी सोबत करू शकत नाही. उलट, कृतीला लागणारे निःशंक बळ इव्हानपाशी नाही. केवळ शिकवणीला मान देणारी समीक्षा, टॉलस्टॉयप्रमाणेच, 'अ‍ॅना कॅरेनिना' गमावून बसेल. केवळ संशयालाच प्रगल्भता मानणाऱ्या समीक्षेला मात्र पंढरपूरच्या उपोषणाचा अर्थ लावावा लागेल.