पिठाचा कोंबडा

मंदिरातून दर्शन करून पायऱ्या उतरत होते, तेव्हा एका म्हाताऱ्या काकूंनी मला हाताला धरून थांबवलं. धरला तोही नेमका उजवा हात. म्हणाल्या, "हाच का वं तो हात, पिस्तूल चालवते तो?" मी हो म्हटलं. बाजारात वांगं घेताना उलटंपालटं करून पाहतात तसा त्यांनी तो हात पाहिला आणि म्हणाल्या, "आमाले त माय भाजी कापते म्हनू देत नव्हती. सुधारते म्हन, असं सांगे. अन् तुम्ही पोरी सरळ गोळ्या मारता."

मी हसून वेळ मारून नेली. पण घरी येऊन पोळ्या लाटताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. काकूंना शास्त्र येत नाही, पण त्यांनी बोट बरोबर जागेवर ठेवलं होतं. 'कापणे' हा शब्दसुद्धा तोंडी नको, कारण शब्दामागून भाव येतो, असं मानणाऱ्या घरात मी वाढले. आणि गेली सव्वीस वर्षं मी स्पर्धेत पिस्तूल चालवते आहे.

सुरुवात साधीच झाली. नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीत पॉईंट टू-टू रायफल हाती आली. पहिल्याच दिवशी पाच गोळ्या जवळजवळ लागल्या आणि उस्ताद म्हणाले, "फिर से मारो." पुढे रायफल सुटली, पिस्तूल आलं. लग्न होऊन सौंसरला आले तरी रविवारी पहाटेची बस धरून सावनेरवरून नागपूरच्या रेंजवर जाणं चालू राहिलं. सासूबाईंनी एकच अट घातली होती, पिस्तुलाची पेटी देवघराच्या खोलीत ठेवायची नाही. ती अट मी आजही पाळते. त्या गेल्यावरही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना वाटतं की यात खूप आवेश असेल. सिनेमामुळे तसं वाटतं. प्रत्यक्षात यापेक्षा शांत, किंबहुना कंटाळवाणा खेळ शोधून सापडायचा नाही. हवेचं पिस्तूल, एका हातात, दहा मीटरवर कागद. दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. शिशाचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा. साठ छर्रे, सव्वा तास. बायकांना पूर्वी चाळीसच असत, २०१८ पासून साठ झाले, आणि माझ्यासारख्या पन्नाशीकडे झुकलेल्या बाईच्या खांद्याने त्याचा निषेध नोंदवला.

यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सांगितली की खरी वाटत नाही. नेम धरताना आपण लक्ष्याकडे बघत नाही. नजर असते पिस्तुलाच्या पुढच्या माशीवर. ती स्पष्ट दिसली पाहिजे, मग पलीकडचं काळं वर्तुळ धूसर दिसतं, आणि ते तसंच दिसायला हवं. ज्याला वर्तुळ स्वच्छ दिसलं त्याचा नेम चुकला. आणि हात कधीच स्थिर होत नाही. जगातल्या कोणाचाच होत नाही. हात डोलतो हे मान्य करून घोडा हळूहळू दाबत जायचं, इतका हळू की छर्रा सुटला हे आपल्यालाही जरा उशिरा कळावं. 'आता मारते' असं मनात आलं की बोट झटका देतं आणि दहाच्या जागी सात लागतो. सात लागल्यावर राग आला तर पुढचा सहा.

क्रोध आला की शिक्षा लगेच, त्याच मिनिटाला, आकड्यात. असं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. म्हणून बरीच वर्षं मी लोकांना सांगत असे की माझी रेंज म्हणजे माझं सामायिक. वाक्य छान आहे. टाळ्याही मिळतात. पण ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख लिहिते आहे.

आधी काकूंचा मुद्दा. आमच्याकडे यशोधर राजाची कथा पाठशाळेत लहानपणीच सांगतात. सोमदेवसूरींनी ती इ.स. ९५९ मध्ये 'यशस्तिलक चम्पू'त संस्कृतात रचली, पुष्पदंतांनी अपभ्रंशात 'जसहरचरिउ' म्हणून. राजाला वाईट स्वप्न पडतं. आई म्हणते, देवीला बळी दे. राजा जीव मारायला तयार नाही. शेवटी तडजोड निघते, पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देऊ. रक्त नाही, जीव नाही, पीठच तर आहे. आणि तेवढ्यासाठी आई-मुलगा दोघांनाही कितीतरी जन्म पशुयोनीत हाल सोसावे लागतात. कारण हात पिठावर चालला तरी मनाने कोंबडा मारला होता.

लहानपणी मला ही शिक्षा फार कठोर वाटे. पिठावर एवढं? पण पुढे पिस्तूल हातात आल्यावर ही कथा माझ्याच मागे लागली. माझा कागद म्हणजे पिठाचा कोंबडा तर नाही?

यावर आमच्यातले काही जाणते लोक मला चामुंडरायाचं उदाहरण देतात. श्रवणबेळगोळची बाहुबलीची मूर्ती ज्याने घडवली तो सेनापतीच होता, लढायाच लढला, म्हणून तू कशाला मनाला लावून घेतेस. हिंसेचे चार प्रकार सांगतात : संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाला फक्त संकल्पी पूर्ण वर्ज्य. हे बरोबर आहे, पण माझ्या कामाचं नाही. चामुंडरायासमोर शत्रू होता. माझ्यासमोर कोण आहे? कोणीच नाही. विरोधी हिंसेची सवलत मला मागता येत नाही, कारण मला कोणाचा विरोधच नाही.

मग मी स्वतःपुरतं असं ठरवलं की आकार महत्त्वाचा. पीठ मळून कोंबड्याचा आकार दिला, त्याला पंख काढले, तुरा काढला, म्हणजे मनात कोंबडा होता. गोल वर्तुळ कोणाचंच चित्र नाही. हा फरक मी उगाच काढलेला नाही. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी जिवंत कबुतरं सोडून नेमबाजी झाली होती, तीनशेच्या आसपास पक्षी मारले गेले. पुन्हा तसं केलं नाही. मातीच्या चकत्या उडवायला लागले, पण त्या चकतीला इंग्रजीत अजूनही मातीचं कबुतरच म्हणतात. घ्या, हाच पिठाचा कोंबडा! रॅपिड फायर पिस्तुलातसुद्धा पूर्वी माणसाच्या आकृतीची लक्ष्यं असत, नंतर ती जाऊन गोल आली. म्हणजे ही टोचणी आम्हा जैनांनाच लागलेली नाही.

एकदा एका रेंजवर सरावाला गेले तर लेनमध्ये माणसाच्या आकृतीचं लक्ष्य लावून ठेवलेलं होतं, छातीवर आकडे. सुरक्षा दलांचा सराव असतो, त्यांना ते लागतं, त्यांना दोष नाही. मी पिस्तूल उचललं. माशी स्पष्ट, पलीकडचं धूसर, सगळं नेहमीसारखं. पण धूसर असलं तरी ते डोकं आणि खांदे होते. घोडा दाबवेना. पिस्तूल खाली ठेवलं आणि पेटी बंद करून बाहेर येऊन बसले. बरोबरची मंडळी हसली. हसू देत.

तेव्हा आकाराचा प्रश्न माझ्यापुरता सुटला. पण काकूंचं वाक्य अजून पुरतं होत नाही.

अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगतात, त्यात एक हिंसादान : हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हाती देणं. माझ्याकडे एक जुनी हवेची बंदूक होती. घरातल्याच एका पोराला सराव कर म्हणून दिली. त्याने आठवडाभर पुठ्ठ्यावर सराव केला आणि आठव्या दिवशी तारेवर बसलेला होला पाडला. मला दाखवायला घेऊन आला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता, "काकू, एका छर्र्यात!" मी त्याला काय बोलणार? नेम मीच शिकवला होता. यशोधराच्या कथेतही शेवटी हेच आहे, म्हणजे ते मला फार उशिरा लक्षात आलं. राजा आणि त्याची आई अखेर कोंबड्यांच्या जन्माला येतात आणि मरतात ते बाणाने. तो बाण त्याच्याच मुलाने सोडलेला असतो. वैर म्हणून नव्हे. आवाजावरून नेम धरता येतो हे राणीला दाखवायला. नुसतं कौशल्य.

ती बंदूक मी मोडीत काढली. तेव्हापासून माझं साधन कोणाच्या हातात देत नाही, आणि शिकायला येणाऱ्या पोरींनाही पहिले दोन महिने छर्रा देत नाही. कोरा पांढरा कागद, रिकामं पिस्तूल. कंटाळून जी सोडून जाते ती जाऊ द्यावी.

दीर मात्र अजून रुसलेले आहेत. त्यांची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहार धरला की माकडं आणि रानडुकरं यांचा नुसता धुमाकूळ. म्हणाले, "वैनी, एवढा निशाना हाय तुमचा, एखाद रात्री वावरात बसा ना." मी सांगितलं की माझ्या पिस्तुलाने डुकराला खाजसुद्धा सुटणार नाही, आणि वरून वन्यजीव कायदा आहे. ते म्हणाले, "मंग संत्री बी खाऊ नोका." रागात म्हणाले, पण खरं म्हणाले. त्या बागेत कीटकनाशकाची फवारणी होते, किती जीव जातात ते कोणी मोजत नाही, आणि मी ती संत्री सोलून पाठवलेली फोड न फोड खाते. शेतातली हिंसा उद्योगी म्हणून चालते आणि माझा कागद संशयाच्या पिंजऱ्यात. याचं उत्तर माझ्यापाशी नाही. संत्री खाणंही सोडलेलं नाही.

आमच्या भागात नेमाची आणखी एक जागा आहे. पांढुर्ण्याची गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, आणि इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, एकमेकांवर दगड. वर्षानुवर्षं माणसं जखमी होतात, काहींचे जीवही गेलेत. प्रशासनाने रबरी चेंडूही देऊन पाहिले, लोकांनी घेतले नाहीत. तिथे दगड मारणारा म्हणतो की माझं कोणाशी वैर नाही, ही परंपरा आहे. संध्याकाळी हेच लोक एकमेकांच्या घरी जातात. मी त्यांना नावं ठेवत होते, बरीच वर्षं. हातात दगड, समोर शेजारी, आणि म्हणे मनात वैर नाही!

मग एका राज्य स्पर्धेच्या अंतिम फेरीत मला माझं उत्तर मिळालं. मी तिसरी होते. शेजारच्या लेनमध्ये एक मुलगी, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, अर्ध्या गुणाने पुढे. तिने पिस्तूल उचललं आणि माझ्या मनात स्वच्छ शब्दांत आलं : चुकू दे हिचा. हात हलू दे. तिचा आठ लागला. प्रेक्षकांतून "अरेरे" आलं आणि मला आनंद झाला. माझ्या हातून कागदाशिवाय कशालाही इजा झाली नव्हती. सगळे नियम पाळलेले, आकार गोल. आणि गोटमारीतल्या त्या माणसाच्या मनात कदाचित खरंच नसेल, ते माझ्या मनात होतं.

मला पदक मिळालं. ते काचेच्या कपाटात आहे, मान कषायाचं पूर्ण व्यवस्थापन करून, म्हणजे पाहुणे येतात त्या खोलीत.

आपल्या राही सरनोबतचं मला म्हणून कौतुक वाटतं. कोल्हापूरची मुलगी, २०१३ मध्ये चांगवोनच्या वर्ल्ड कपमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण, पिस्तुलात असं करणारी पहिली भारतीय. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत थायलंडच्या मुलीशी बरोबरी झाली, शूट-ऑफ झाला, तोही बरोबरीत सुटला, दुसरा झाला, तेव्हा सुवर्ण. टीव्हीवर ते पाहताना मी तिच्या हाताकडे बघतच नव्हते. समोरची नेम धरते आहे त्या तीन सेकंदांत हिच्या मनात काय चाललं असेल, तेवढंच शोधत होते. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. नसेलही काही. असं रिकामं राहता येत असेल तर ती मोठी गोष्ट आहे, पदकापेक्षा.

गोटमारीनंतर चार दिवसांनी आमचं दशलक्षण पर्व बसतं आणि ते संपलं की क्षमावाणी. दरवर्षी आपण फोनवर एकच ओळ सगळ्यांना पाठवतो, जाणते-अजाणतेपणी काही चुकलं असेल तर क्षमा करा. सोपं आहे, काय चुकलं ते सांगावं लागत नाही. मागच्या क्षमावाणीला मी त्या मुलीचा नंबर शोधून फोन केला. आता ती नोकरीला लागली आहे, लहान मूल आहे, मागे ते रडत होतं. मी सगळं सांगितलं, तिचा आठ लागावा असं मला वाटलं होतं तेही. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, कोणती मॅच? मला आठवतच नाही हो." आणि लगेच विचारलं, "तुम्ही हल्ली छर्रे कोणते वापरता?"