सोवळ्याची दिशा

नांदेडच्या सचखंड श्री हजूर साहिब येथे तख्ताच्या स्नानासाठी गोदावरीचे पाणी घागरीत भरून नित्य नेले जाते, आणि त्याच नदीच्या काठी पितरांना तर्पण करणारा गृहस्थ ओंजळीतले पाणी सोडताना, पाणी हे स्वभावतःच पावन आहे या श्रद्धेने डोळे मिटतो. ज्या मुलखात पाण्याविषयी एवढा पूज्यभाव आहे, तेथील भूमीच्या पोटातले पाणी तान्ह्या मुलाला पाजण्याच्या योग्यतेचे उरू नये, हे वर्तमान मनाला लागते. आणि आपल्या पावित्र्याच्या कल्पनेतच काही उणीव राहून गेली काय, असा प्रश्न त्यातून उभा राहतो.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता-अहवालात, भूजलात नायट्रेटचे प्रमाण विशेष चिंताजनक असलेले देशातील जे १५ जिल्हे सांगितले आहेत, त्यांत नांदेड आहे आणि बीडही आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालते. या द्रव्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तुरटीने ते खाली बसत नाही, क्लोरीनने मरत नाही, आणि पाणी उकळले तर आटलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट वाढते. वरच्या दुधावर वाढणाऱ्या, सहा महिन्यांच्या आतल्या अर्भकाच्या शरीरात त्याचे नायट्राइट होते, रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासे होते आणि मूल निळे पडते. विहिरीच्या पाण्याशी असलेला या व्याधीचा संबंध अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. कॉम्ली यांनी १९४५ साली दाखवून दिला.

हे नायट्रेट येते कोठून? शेतात टाकलेल्या युरियात शंभराला ४६ भाग नत्र असते. पिकाने उचलून उरलेले नत्र, गोठ्याचे मूत्र, उकिरड्याचा निचरा आणि घरोघरच्या शोषखड्ड्यांतील मैला, या सर्वांचे मातीतील सूक्ष्म जीव अखेर नायट्रेटच करतात, आणि काळ्या मातीचे कण ते धरून ठेवू शकत नसल्यामुळे पावसाबरोबर ते काळ्या पाषाणाच्या भेगांतून आडांत आणि बोअरांत उतरते. मांजरा धरण कोरडे पडून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा धरण आटले म्हणजे नगरवासी माणसालाही आपल्याच अंगणाखालच्या पाण्याकडे वळावे लागते, हे सर्वांनी पाहिले. त्या अंगणात आपण काय मुरवले आहे, हा प्रश्न तेव्हा पुढ्यात येतो.

आमच्या परंपरेने शुद्धीचा विचार थोडा केला असे नाही. पाण्यात मलमूत्र टाकू नये असा स्पष्ट निषेध मनुस्मृतीत आहे. परंतु तो निषेध ग्रंथात राहिला आणि त्याच ग्रंथांच्या आधारे पाणवठ्यावर मात्र दुसराच हुकूम चालला: घागर कोणी भरली, सावली कोणाची पडली, एवढीच चौकशी झाली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहस्रावधी अनुयायी पाणी प्याले, तर विरोधकांनी तळे बाटले म्हणून त्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतल्या. माणसाच्या ओंजळीने तळ्याचे काहीच बिघडले नव्हते. शेण आणि गोमूत्र यांतील नत्राचे मात्र पाण्यात कालांतराने नायट्रेटच होते. शुद्धीच्या नावाने धर्माचा अपराध तर झालाच, पण पाण्याचाही झाला.

माझ्या मते दोष सोवळ्याच्या दिशेत आहे. माझ्याकडे काय येते आहे, यावर ते अहोरात्र पहारा करते. माझ्याकडून काय जाते आहे, याची त्याला फिकीर नाही. जात विसरलेल्या सुशिक्षित घरातही ते नव्या रूपाने नांदते. ज्याची ऐपत आहे तो ‘आरओ’चे यंत्र बसवतो किंवा पाण्याचे जार विकत घेतो. यंत्र त्याच्या पेल्यातील नायट्रेट काढते, पण काढलेले सारे अधिक दाट करून मोरीत सोडते, आणि ते पुन्हा त्याच जमिनीत, ज्याची ऐपत नाही त्याच्या हापशाकडे जाते. त्या गृहस्थाला दोषी ठरवावे असे मला वाटत नाही, कारण आपल्या लेकराला निर्मळ पाणी द्यावे हा त्याचा धर्मच आहे. परंतु तो धर्म त्याच्या उंबरठ्याशी संपतो, हे त्याचे अपुरेपण आहे.

करणारा एक आणि भोगणारा दुसरा, हे कर्मसिद्धान्ताला नेहमीच अवघड गेलेले कोडे. परंतु निळ्या पडलेल्या अर्भकापाशी पूर्वजन्मीचे संचित शोधणे मला निर्दयपणाचे वाटते, कारण त्याच्या दुःखाचे कारण याच जन्मात, याच शिवारात, चार हातांवर सापडते. तेव्हा खताची मात्रा माती तपासून ठरवणे, शोषखड्डा आणि उकिरडा आडापासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला नेणे, आणि पावसाळ्यानंतर आपल्या पाण्याबरोबर खालच्या अंगाच्या शेजाऱ्याचेही पाणी तपासून घेणे, या गोष्टींना मी नुसती व्यवहाराची कामे म्हणत नाही. स्नानसंध्येइतकाच तो नेम आहे. तर्पण करणाऱ्याने ओंजळ अवश्य सोडावी. मात्र सोडलेले पाणी कोणाच्या तरी घागरीत जाणार आहे, एवढे त्याने डोळे उघडून पाहावे.