कोणते यशवंतराव?

कोथरूडमध्ये कुणी ‘यशवंतरावला आज काय आहे?’ असं विचारलं, तर त्याला नाटकाची वेळ हवी असते. नाट्यगृह यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं. पण बोलण्यात चव्हाण केव्हाच गळले आणि प्रयोग ‘यशवंतरावला’ लागू लागले. गाजलेलं नाव आधी बाकीच्या नामबंधूंना गिळतं आणि मग खुद्द धन्यालाही, असं माझं मत आहे.

एकाच नावाची माणसं वेगळी ओळखायची सोय पूर्वीही करावी लागे. सातवाहनांत सातकर्णी बरेच; ते आईच्या नावानं ओळखू येतात, गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र असे. पेशवाईत थोरले माधवराव, सवाई माधवराव. अलेक्झांडरनंतर इजिप्तमध्ये जवळजवळ तीनशे वर्षं राजे एकजात टॉलेमी. कुणी ‘सोटर’, कुणी ‘फिलाडेल्फस’. तरी घोळ झालाच. दुसऱ्या शतकातल्या भूगोलकार टॉलेमीला राजघराण्यातला समजून युरोपातल्या मध्ययुगीन चित्रकारांनी त्याच्या डोक्यावर मुकुट चढवला. आणि त्याच्याच ग्रंथात पैठणच्या राजाचं नाव ‘सिरोपोलेमायोस’ असं उतरलं आहे! हा आपला वासिष्ठीपुत्र पुळुमावी, असं अभ्यासक मानतात. ग्रीक कानाला ओळखीचं तेच ऐकू आलं असावं. पैठणचा राजा बसल्या जागी निम्मा टॉलेमी झाला.

पुण्याला तर आणखी दोन यशवंत चांगले ठाऊक असायला हवेत. दोघांचाही संबंध हडपसरच्या बाजूशी. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी तिथं शिंदे-पेशव्यांच्या फौजेची दाणादाण उडवली. दुसरे बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबरला वसईत इंग्रजांशी तह करून मोकळे झाले. मराठी राज्याचा कणा त्या तहानं मोडला, म्हणून होळकर निदान क्रमिक पुस्तकात तरी टिकले.

दुसरे डॉ. यशवंत फुले, जोतीराव-सावित्रीबाईंचे दत्तक पुत्र. १८९७ च्या प्लेगात त्यांनी याच भागात दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथं आणलं. संसर्ग होऊन १० मार्चला त्या गेल्या. सातकर्णीला आईचं नाव उपयोगी पडलं, या डॉक्टरला मात्र त्याच नावानं झाकून टाकलं. पाठीवर मूल घेतलेल्या सावित्रीबाई चित्रांत, भाषणांत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये दिसतात. ते मूल उतरवून घेऊन तपासणारा माणूस त्या प्रवेशात नसतो.