ग्रंथपालाचा उलटा प्रश्न

आपल्याला काय हवं आहे हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, असा माणसाचा एक गोड समज आहे. वाण्याकडे तो टिकतो. अर्धा किलो तूरडाळ मागितली की डाळच मिळते, "वरण करणार की आमटी?" असं वाणी विचारत नाही. ग्रंथपाल मात्र विचारतो आणि आपल्याला राग येतो.

समजा, एक गृहस्थ येतात, इकडेतिकडे बघतात आणि म्हणतात, "कायद्याचं एखादं पुस्तक द्या."

"कोणत्या कायद्याचं?"

"कोणत्याही. चांगलंसं."

"जमिनीचा की घरभाड्याचा?"

"जमिनीचाच म्हणा ना."

"खरेदी की वाटणी?"

इथे गृहस्थ चष्मा पुसू लागतात. वाटणीच असते आणि समोरचा पक्ष म्हणजे सख्खा भाऊ. 'भावाशी न भांडता वाटणी कशी मागावी?' हा खरा प्रश्न. 'कायद्याचं एखादं पुस्तक' हे त्या प्रश्नानं चारचौघांत यायचं म्हणून नेसलेलं धोतर!

रॉबर्ट टेलर या अमेरिकन अभ्यासकानं १९६८ साली हेच मांडलं. गरज आधी नुसती आत सलते, मग मनात आकार घेते, मग शब्दांत येते. आणि देवघेवीच्या टेबलाशी पोचेपर्यंत 'यांच्याकडे एवढंच मिळत असेल' या हिशेबानं तिची काटछाट होते. ती काटछाट उसवणं हे ग्रंथपालाचं खरं काम. कपाटातून पुस्तक काय, शिपाईही काढून देतो.

आपल्याकडे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. त्यांतला एक, वाचकाचा वेळ वाचवा. आता जास्त प्रश्न विचारून वेळ कसा वाचायचा? पण चुकीच्या प्रश्नाचं अचूक उत्तर घेऊन माणूस घरी गेला, तर त्याचा नुसता वेळ जात नाही, एखादे वेळी भाऊही जातो.

मेख पुढेच आहे. तीन प्रश्न ही सेवा झाली. "भावानं असं केलं तरी काय हो?" हा चौथा प्रश्न म्हणजे नाक खुपसणं. चांगला ग्रंथपाल चौथा प्रश्न गिळतो. वाटणीच्या कायद्याचं पुस्तक काढतो, शेजारी आपसांतल्या तडजोडीवरचं एक ठेवतो आणि रजिस्टरात डोकं घालतो. कोणतं उचलायचं हे गृहस्थांनी ठरवायचं.

वाणी डाळ तोलून देतो, हा माणूस प्रश्न तोलून देतो. रजिस्टरात नोंद मात्र फक्त पुस्तकाची होते.